रोटरी लेझर आणि ऑटो लेव्हलमध्ये ९ मिमीचा फरक: चॅनल कोणाच्या भरवशावर लावायचे?

चाकण_साईट

मंडळी, चाकणजवळ एका शेडमध्ये ट्रिमिक्सचं (काँक्रीटमधलं जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून केलेल्या फरशीचं) काम आहे. शेड ७२ × ३६ मीटर, पट्टे ४ मीटर रुंद, जाडी १५० मिमी. पहिल्या दोन पट्ट्यांचे चॅनल (कडेचे लोखंडी साचे, यांच्या माथ्यावरून फरशीची लेव्हल ठरते) बसवून झालेत, माल (काँक्रीट) परवा सकाळी पडणार.

चॅनल रोटरी लेझरवर (फिरत्या किरणाने सगळीकडे एकच लेव्हल दाखवणारं मशीन) लावले. मशीन लाल किरणाचं, स्वतः लेव्हल होणारं, माहितीपत्रकात ‘३० मीटरला ± १.५ मिमी’ असं लिहिलंय. मशीन लांब भिंतीजवळ उभं होतं. एका बाजूला १२ मीटरवर टीबीएम (टेम्पररी बेंचमार्क, ठरलेल्या उंचीची खूण), बरोबर उलट्या बाजूला ६० मीटरवर पट्ट्याचं टोक. रॉडला रिसिव्हर (किरण पकडून बीप देणारं यंत्र) बांधून टीबीएमवर बीप घेतला आणि तोच रॉड चॅनलवर फिरवला. मग खात्रीसाठी त्याच जागी ऑटो लेव्हल (दुर्बिणीतून मोजपट्टी, म्हणजे स्टाफ, वाचायचं यंत्र) लावली, तर लांबच्या टोकाला चॅनल ९ मिमी वर दिसतोय. टीबीएमजवळच्या टोकाला फरक जवळजवळ नाही.

६० मीटरला लेझरची चूक फार तर ३ मिमी हवी, मग ९ आले कुठून? मिस्त्री म्हणतो डंपी (म्हणजे ऑटो लेव्हल) खरी, मशीन विकणारा म्हणतो लेझर खरा. टेंडरची अट ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमी आणि पूर्ण फरशीत ± ५ मिमी अशी आहे. शिवाय दुपारी किरण डोळ्यांना दिसतच नाही. हिरवं मशीन घ्यायला हवं होतं का?

लेव्हलबुक

ऑटो लेव्हलला लगेच खरी मानू नका. तुमची लेव्हल टीबीएमपासून १२ मीटरवर होती आणि टोकापासून ६० मीटरवर. दुर्बिणीची रेषा जराशी जरी वर-खाली झुकलेली असली तरी ४८ मीटरच्या फरकाएवढी चूक थेट रीडिंगमध्ये येते. ३० मीटरला २ मिमी झुकाव असेल तर इथे ३.२ मिमी. साईटवरच्या बऱ्याच लेव्हलमध्ये एवढा झुकाव सहज असतो, कारण टू-पेग टेस्ट (दोन खुंट्यांवर रीडिंग घेऊन रेषेचा झुकाव तपासणं) वर्षानुवर्षं कोणी घेत नाही.

उपाय सोपा आहे. ऑटो लेव्हल टीबीएम आणि टोक यांच्या बरोबर मधे लावा, दोन्हीकडे ३६ मीटर. अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. दुर्बीण ज्या कोनात झुकलेली असेल, त्याच कोनात ती दोन्ही दिशांना झुकलेली असते. त्यामुळे दोन्ही रीडिंगमध्ये सारखीच चूक येते आणि वजाबाकीत उडून जाते. पृथ्वीच्या वक्रतेची काळजी करू नका, ती प्रकाशाचं वळण धरून ६० मीटरला पाव मिलिमीटरच्याही आत आहे.

स्टाफचे जोड तपासा. टेलिस्कोपिक स्टाफचं बटण नीट बसलं नाही की २-३ मिमी तिथेच जातात. दोन्ही रीडिंग शक्यतो स्टाफच्या सगळ्यात खालच्या भागावर घ्या, म्हणजे जोड मधे येणारच नाही.

ट्रिमिक्सवाला

लेझर शेडच्या मधोमध लावायचा. भिंतीकडून लावला की ६०-७० मीटरला चूक वाढणारच, मधोमध ठेवला की निम्मी. मधून कोपरा ४० मीटरवर येतो.

आणि रिसिव्हर बघा. बहुतेक रिसिव्हरला बारीक आणि जाड अशा दोन सेटिंग असतात. बारीकवर तो साधारण १ मिमीच्या पट्ट्यात ‘लेव्हल’ म्हणतो, जाडवर २-३ मिमीच्या. खोदाईसाठी जाड ठीक, चॅनलसाठी फक्त बारीक. आवाज तोच येतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. स्क्रीनवर कोपऱ्यातलं चिन्ह बघायचं.

रिसिव्हरच्या काचेवर सिमेंटचं पाणी वाळलं की तीही चूक देते. लांबवर किरणाचा ठिपका चांगला मोठा होतो, आणि काचेच्या वरच्या-खालच्या भागावर किती उजेड पडला याची तुलना करून रिसिव्हर मध्य शोधतो. वरचा भाग मळलेला असेल तर मध्य खाली दिसणार. ओल्या सुती कापडाने दर तासाला पुसा.

तिवई

ट्रिमिक्सवाले दादा, रिसिव्हरचं म्हणणं अगदी बरोबर. पण ‘मधोमध ठेवला की चूक निम्मी’ हे लेझरला लागू होत नाही आणि याच समजुतीने बऱ्याच फरश्या बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑटो लेव्हलची चूक दुर्बिणीला चिकटलेली असते. दुर्बीण जिकडे फिरवाल तिकडे ती सारखीच. म्हणून समान अंतरावर ती कटते. रोटरी लेझरची मुख्य चूक वेगळी आहे. तिथे फिरणारा अक्षच थोडा कललेला असतो, त्यामुळे किरणाचं अख्खं पातं कलतं, ताटाखाली एका बाजूने नाणं सरकवावं तसं. एका बाजूला पातं वर, समोरच्या बाजूला तेवढंच खाली. आता मशीन मधोमध ठेवून दोन्हीकडे ३६ मीटर केलंत तरी एक टोक वर आणि दुसरं खाली. चूक कटत नाही, बेरीज होते. दोन बिंदूंमधली चूक म्हणजे कल गुणिले त्या दोन बिंदूंमधलं अंतर. मशीन कुठे उभं आहे याने काही फरक पडत नाही.

चाकण_साईट, म्हणूनच तुमचा ‘६० मीटरला ३ मिमी’ हा हिशोबही थोडा कमी पडतो. टीबीएम उलट्या बाजूला आहे, तेव्हा ६० अधिक १२ असं ७२ मीटर धरा. माहितीपत्रकातली हद्द इथे ३.६ मिमी होते. ९ मात्र तिच्या पलीकडेच आहेत.

आता चार दिशांची चाचणी करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

भिंतीपासून ३० मीटरवर तिवई घट्ट रोवा, डोकं डोळ्याने शक्य तेवढं सपाट करा. मशीनवर एक्स आणि वाय अक्षांच्या खुणा असतात. एक्सची अधिक बाजू भिंतीकडे करा, मशीन पूर्ण स्थिर होऊ द्या, वर आणखी एक मिनिट थांबा. रिसिव्हर बारीकवर ठेवून भिंतीवर टोकदार पेन्सिलने रेघ मारा, जाड मार्कर नको. मग तिवई न हलवता फक्त खालचा स्क्रू सैल करून मशीन १८०° फिरवा, पुन्हा स्थिर होऊ द्या, दुसरी रेघ. तसंच वाय अक्षाच्या दोन्ही बाजूंचं.

इथे एक मेख आहे. एक्सच्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चुकीच्या दुप्पट. ± १.५ मिमीच्या मशीनला ३ मिमीपर्यंतचं अंतर चालतं. अंतर ३ दिसलं की मशीन बिघडलं असं समजून दुरुस्तीला पाठवणारे आहेत, आणि ५-६ दिसलं तरी ‘दोन्हीकडे तीन-तीन, ठीक आहे’ म्हणून वापरणारेही. दोघांचं नुकसानच.

मशीन एसी गाडीतून काढलं असेल तर चाचणीआधी १५-२० मिनिटं सावलीत ठेवा. आतले भाग बाहेरच्या तापमानाला आले नसतील तर पहिली आणि चौथी रेघ एकाच मशीनची वाटणार नाही.

चाकण_साईट

दोन्ही केलं.

ऑटो लेव्हल मधोमध, ३६-३६ मीटर टेपने मोजून: लांबच्या टोकाला चॅनल ७ मिमी वर.

लेझर, ३० मीटरवर, जमिनीवरच्या एका खुणेपासून भिंतीवरच्या रेघांची उंची मीटरमध्ये: एक्स अधिक १.४१८, एक्स उणे १.४१२, वाय अधिक १.४१५, वाय उणे १.४१४. चॅनल लावताना एक्सची अधिक बाजू लांबच्या टोकाकडेच होती.

तिवई

हिशोब तंतोतंत जुळतो. एक्समध्ये अंतर ६ मिमी, म्हणजे ३० मीटरला चूक ३ मिमी, मीटरमागे ०.१ मिमी. एक्स अधिक बाजूला पातं वर चढतंय. लांबच्या टोकाला ६० मीटरवर ६ मिमी वर, टीबीएमवर १२ मीटरवर उलट्या बाजूला १.२ मिमी खाली. एकूण ७.२. ऑटो लेव्हल मधून ७ दाखवते. आधी दिसलेल्या ९ पैकी उरलेले २ तुमच्या ऑटो लेव्हलच्या रेषेचे होते, तेव्हा तिचीही टू-पेग घेऊन ठेवा.

वाय अक्ष चांगला आहे. एक्स माहितीपत्रकाच्या दुप्पट बाहेर आहे. मशीन कधीतरी आपटलंय किंवा पेटीविना प्रवास झालाय, असंच बहुतेक वेळा असतं.

आता कॅलिब्रेशन. इलेक्ट्रॉनिक मशीन असेल तर बहुतेकांत बटणांवरून अक्ष दुरुस्त करता येतो: मशीन त्या मोडमध्ये न्यायचं, किरण दोन रेघांच्या बरोबर मध्यावर आणायचा, साठवायचं. तुमच्या बाबतीत मध्य १.४१५. मॅन्युअल समोर ठेवूनच करा, प्रत्येक मशीनचा क्रम वेगळा असतो आणि साठवण्याआधी बाहेर पडलात तर काहीच बदलत नाही. दुरुस्तीनंतर चारही रेघा पुन्हा. लोलकावर लेव्हल होणारं साधं मशीन असेल तर हात लावू नका, ते सर्व्हिस सेंटरलाच, कोलिमेटरवर (किरणाची रेषा तपासायचं यंत्र) होतं.

लेव्हलबुक

कॅलिब्रेशन परवाच्या आत जमलं नाही तरी काम अडत नाही. शेडच्या कॉलमवर लेझरने एक खूण करा, मशीन त्याच तिवईवर १८०° फिरवा, त्याच कॉलमवर दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे खरी लेव्हल, अक्षाचा कल कितीही असला तरी. टीबीएमवरचं रीडिंगही असंच दोनदा घेऊन सरासरी धरायची, हे विसरू नका. लांब भिंतीच्या सगळ्या कॉलमवर असे मध्य काढून ठेवले की पुढचे पंधरा दिवस तपासायला हक्काच्या खुणा मिळतात.

एक चूक मात्र याने जात नाही. आतला प्रिझम किरण बरोबर ९०° ला वळवत नसेल तर पातं सपाट न राहता उथळ शंकू होतं, सगळीकडे सारखंच वर किंवा सारखंच खाली. ही चूक समान अंतरावर कटते, ऑटो लेव्हलसारखी. तपासायची तर ३० मीटर अंतराच्या दोन भिंती घ्या. एकीपासून १ मीटरवर मशीन लावून दोन्ही भिंतींवर खुणा, मग दुसरीपासून १ मीटरवर लावून पुन्हा दोन्हींवर. एक्सची अधिक बाजू दोन्ही वेळा एकाच दिशेला हवी, नाहीतर अक्षाचा कल यात मिसळतो. दोन्ही भिंतींवर खुणा जेवढ्या अंतराने सरकल्या ती अंतरं सारखी आणि एकाच दिशेला (दोन्ही वर किंवा दोन्ही खाली) आली तर शंकू नाही. फरक आला तर त्याचा अर्धा भाग म्हणजे साधारण २८ मीटरमागची चूक. ही साईटवर दुरुस्त होत नाही.

कॅलिब्रेशनला पाठवाल तेव्हा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात दुरुस्तीआधीची रीडिंग मागा. नुसत्या ‘ठीक आहे’च्या शिक्क्याला अर्थ नाही. आधी किती चूक होती हे कळलं तरच आधीच्या कामाचा अंदाज येतो.

ट्रिमिक्सवाला

तिवई, धन्यवाद, ताटाच्या उदाहरणाने नीट कळलं. मग आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचा पट्टा आदल्या दिवशीच्या पट्ट्याला जुळत नाही, त्याचं कारण हेच का? ३ मीटरची पट्टी लावली की दोन्ही पट्टे वेगवेगळे उत्तम निघतात, जोडावर मात्र पायरी येते.

तिवई

बहुतेक हेच. मीटरमागे ०.१ मिमी कल म्हणजे ३ मीटरच्या पट्टीखाली फक्त ०.३ मिमी. पट्टी तो पकडूच शकत नाही. पट्टीखाली दिसतात ते रिसिव्हरच्या सेटिंगचे, चॅनल दोन आधारांमध्ये दबल्याचे आणि स्क्रीडचे (काँक्रीट सपाट करणाऱ्या पट्टीचे) दोष. लेझरचा कल दिसतो तो दरवाज्याच्या उंबऱ्यापाशी, डॉकच्या कडेला, आणि दोन दिवसांच्या कामाच्या जोडावर. आज एक्सची अधिक बाजू पूर्वेला आणि उद्या पश्चिमेला ठेवली तर कल उलटा होतो. याच मशीनने टीबीएमपासून ७२ मीटरवर ती पायरी १४ मिमीची झाली असती. मशीनवर पेंटने बाण काढा आणि रोज तो एकाच भिंतीकडे ठेवा. चूक राहिली तरी निदान सलग राहील. आणि रोज सकाळी पहिला बीप आदल्या दिवशीच्या वाळलेल्या पट्ट्यावर, तीन ठिकाणी.

गच्ची_उतार

हाच विषय आहे म्हणून विचारतो. गच्चीच्या कोब्याला १:१०० उतार द्यायचा आहे, ३० मीटर लांबी, उताराचं लेझर भाड्याने मिळतंय. त्यावर भरवसा ठेवावा का?

लेव्हलबुक

उताराच्या मशीनमध्ये आकडा टाकला की तो बऱ्यापैकी अचूक येतो. गडबड दिशेत होते. मशीनवरची दुर्बीण किंवा खाच उताराच्या रेषेत डोळ्याने लावायची असते. ती २° चुकली तर लांबीच्या उतारात काही कळणार नाही, पण आडव्या दिशेला १% च्या ०.०३५ पट उतार येतो. ३० मीटर रुंदीला १० मिमी. म्हणजे पाणी एका कोपऱ्यात साचणार. म्हणून उतार लावल्यावर आडव्या दिशेला दोन टोकांना बीप घ्या, दोन्ही रीडिंग एक येईपर्यंत मशीन हलकेच फिरवा. मगच काम सुरू. लहान गच्चीला लेव्हल पाईप आणि दोरी यानेही तेवढंच चांगलं होतं, फक्त पाईपमधले हवेचे बुडबुडे काढलेले हवेत आणि अर्धा पाईप उन्हात, अर्धा सावलीत नको.

तिवई

मूळ पोस्टमधला हिरव्या किरणाचा प्रश्न राहिला. डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील आहे, म्हणून बंद खोलीत, फॉल्स सीलिंगला, टाईल्सच्या रेषेला हिरवं छान. उन्हात दोन्ही दिसत नाहीत, रिसिव्हरच लागतो, आणि लाल मशीनचा रिसिव्हर हिरव्याला चालेलच असं नाही. हिरवं महाग, बॅटरीही लवकर संपते. शेडच्या फरशीला लाल पुरेसं आहे. लाल चष्मा मिळतो तो ठिपका दिसावा म्हणून, डोळ्यांच्या संरक्षणासाठी नाही. किरण डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका.

पण फार खालीही नको. तापलेल्या जमिनीपासून वीतभर उंचीवरून किरण नेला तर दुपारी तो हवेत वाकतो, रिसिव्हर वर-खाली नाचतो. १.२ ते १.४ मीटर उंची बरी. पत्र्याची चकचकीत भिंत, काच, उभ्या गाडीची खिडकी यांवरून परतलेला किरणही बीप देतो. रिसिव्हर मशीनकडे तोंड करून धरला आहे ना, एवढं बघायचं.

रॉडला गोल बुडबुडा लावा. २ मीटरचा रॉड ३° कलला की २.७ मिमी गेले, तुमची अर्धी अट तिथेच संपते. टीबीएमवरून रॉडचा रिसिव्हर सरकवून चॅनलची उंची काढायची वेळ येऊ देऊ नका. १६ मिमीचा बार काँक्रीटमध्ये गाडून त्याचा माथा बरोबर तयार फरशीच्या लेव्हलला घासून घ्या. मग रिसिव्हर एकदाच बांधायचा आणि दिवसभर सोडायचा नाही.

चाकण_साईट

मशीन बटणांवरून दुरुस्त झालं. नवी रीडिंग: एक्स अधिक १.४१५, एक्स उणे १.४१६, वाय जसाच्या तसा. आता चॅनल मीटरमागे ०.१ मिमी या हिशोबाने खाली घ्यायचे का? टोकाला ७, मधे साडेतीन असे?

तिवई

नाही, हिशोबाने नको, प्रत्येक आधारावर नव्याने बीप घ्या. हिशोबाने फक्त लेझरचा कल जाईल. बसवताना मिस्त्रीने जे १-२ मिमी वर-खाली केले असतील ते तसेच राहतील. चॅनलखालचे मालाचे गोळे फोडून नवीन घाला. वरून हातोडीने ठोकून ७ मिमी बसवलेला चॅनल स्क्रीड व्हायब्रेटर चढला की आणखी बसतो. गोळे मीटरमागे एक तरी हवेत. तपासणी आधारावर एकदा आणि दोन आधारांच्या मधे एकदा, मधे उभं राहून चॅनल पायाने दाबल्यावर रीडिंग बदलतं का तेही बघा.

माल पडत असताना तिवई व्हायब्रेटर आणि मिक्सरच्या वाटेपासून लांब ठेवा, मुरुमावर असेल तर प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा गाडून घ्या. मशीन धक्क्याने हललं तर थांबून इशारा देण्याची सोय असते, ती चालू हवी. ती बंद असली की मशीन गुपचूप स्वतःला पुन्हा लेव्हल करतं, पण उंची बदललेली असते आणि बीप पहिल्यासारखाच वाजत राहतो. प्रत्येक पट्टा सुरू करताना आणि संपताना त्या गाडलेल्या बारवर रॉड ठेवा.